गळती उन्हाळ्यात होते: औसा तालुक्यातील एका स्लॅबचे प्रकरण

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका गावात निवृत्त जिल्हा परिषद शिक्षकांचे राहते घर आहे. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तसेच म्हणतो. मे २०२२ मध्ये त्यांनी मला बोलावले ते सल्ला घेण्यासाठी नव्हे, तर निर्णय झालेल्या कामावर शिक्कामोर्तब करून घेण्यासाठी. स्लॅबवर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याचे शेड टाकायचे असे घरात ठरले होते, फॅब्रिकेटरने मापे घेतली होती आणि फक्त पाइप किती जाडीचे घ्यावेत एवढेच मी सांगायचे होते. लातूर-धाराशिव रस्त्याने कोणत्याही गावात शिरले, तर दर चार-पाच घरांमागे एका स्लॅबवर असे शेड दिसते. गळणाऱ्या आणि तापणाऱ्या छतावर आपल्या भागाने शोधलेले हे सर्वमान्य उत्तर आहे. या घरात ते का टाळले आणि त्याऐवजी जे केले त्याचे पुढच्या तीन वर्षांत काय झाले, हे येथे नोंदवत आहे.

घराचे दोन भाग आहेत. मागचा भाग जुना, दगडमातीच्या भिंतींचा आणि माळवदाचा, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या सपाट मातीच्या छताचा. पुढचा भाग १९९५ चा, विटांच्या नऊ इंची भिंती आणि पाच इंची स्लॅब. पुढचा भाग का बांधला हे या पट्ट्यात कोणालाही विचारावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे मेली ती मुख्यतः जाड, सैल दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची छते अंगावर आल्यामुळे. गुरुजींच्या घराचे माळवद उभे राहिले, पण त्यानंतर दोन वर्षे घरातले कोणी त्याखाली झोपले नाही. अंगणात पत्र्याच्या निवाऱ्यात दिवस काढून, जमेल तशी रक्कम उभी करून त्यांनी स्लॅब ओतला. माळवदाच्या खोल्यांत आता धान्य, कडबा आणि जुनी पेटी असते.

येथे माळवदाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर सरे, त्यांवर लाकडी फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर, अशी ही रचना. दर वर्षी मृगाच्या आधी छतावर उगवलेले गवत उपटायचे, भेगा बुजवायच्या आणि पांढरीची नवी माती पसरून चोपायची, हा रिवाज. उष्णतेच्या दृष्टीने हे छत उत्तम असते, आणि ते केवळ आठवणीतल्या गारव्यामुळे म्हणत नाही. छताच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या हवेत एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता जाते त्या संख्येला यू-मूल्य म्हणतात, आणि ते जितके कमी तितके छत चांगले. निवासी इमारतींसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणलेल्या इको-निवास संहितेत छताचे यू-मूल्य जास्तीत जास्त १.२ असावे असे म्हटले आहे. एक फूट मातीच्या आणि इंचभर फळीच्या माळवदाचे यू-मूल्य काढले, तर ते १.० च्या आसपास येते. म्हणजे आजोबांच्या काळचे छत आजच्या संहितेत बसते. त्याच सूत्राने नुसत्या पाच इंची स्लॅबचे यू-मूल्य येते सुमारे ३.३.

पण माळवदाची दुसरी बाजू वजनाची. एक फूट चोपलेली माती चौरस मीटरला साधारण ४८० किलो भरते, आणि पाच इंची स्लॅब सुमारे ३१२ किलो. शिवाय माती दर वर्षी वाढत जाते आणि जुनी कोणी काढत नाही. लोकांनी माळवद सोडले ते शहाणपणानेच सोडले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गंमत अशी की छत बदलले, पण छतावर दर काही वर्षांनी एक थर चढवण्याची सवय तशीच राहिली.

गुरुजींच्या स्लॅबवर नेमके तेच झाले होते. १९९५ मध्ये स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवण्यासाठीचा जाड चोपलेला थर, केला. दहाबारा वर्षांनी मधल्या खोलीत ओल उतरू लागली, तेव्हा जुना कोबा न काढता त्यावर दुसरा कोबा केला. तोही गळू लागल्यावर कडेने डांबरी शीट चिकटवून वर चंदेरी रंग मारला. शेवटी, टाळेबंदीच्या वर्षी, डब्यातल्या पांढऱ्या रसायनाचे दोन हात फिरवले. म्हणजे पंचवीस वर्षांत चार उपाय, आणि प्रत्येक उपाय आधीच्याच्या डोक्यावर. दोन्ही कोब्यांची मिळून जाडी सरासरी आठ इंच भरली. त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ३८० किलो होते, म्हणजे खालचा स्लॅब जेवढा जड त्याहून त्याच्या अंगावरचे पांघरूण जड. ये-जा असलेल्या गच्चीसाठी माणसांचे आणि सामानाचे वजन धरताना भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात. दुसरा कोबा घालणाऱ्याने ती सगळी राखीव ताकद एका दुपारी संपवली होती, आणि हे गाव भूकंप-मानकाच्या २००२ च्या सुधारणेत तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात घातले गेले आहे. मी पाइपच्या जाडीवर बोलायला का तयार नव्हतो याचे हे पहिले कारण. या छतावर आता एक किलोही चढवायचा नव्हता, उलट उतरवायचा होता.

दुसरे कारण गच्चीच्या वापराचे. आजींचे, म्हणजे गुरुजींच्या मातोश्रींचे, शेडला काही म्हणणे आहे का, असे मी सहज विचारले. त्या म्हणाल्या, "शेड केल्यावर कुरडया कुठं वाळवायच्या? अन् रातच्याला झोपायचं कुठं, पत्र्याखाली?" प्रश्न अगदी नेमका होता. मराठवाड्यातल्या घराची गच्ची ही उन्हाळ्यात वाळवणाची जागा आणि रात्रीची झोपायची खोली असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशीच्या पुढे असला, तरी हवा कोरडी असल्याने पहाटेपर्यंत उघडे आकाश चांगलेच गार होते. ज्या उपायाने गच्ची जाते तो उपाय घरातल्या बाया स्वीकारत नाहीत, आणि स्वीकारला तरी मनातून स्वीकारत नाहीत.

पत्र्याबद्दल आणखी एक गैरसमज आहे. नवा जस्ताचा पत्रा चकाकतो, म्हणून तो ऊन परतवतो आणि गार राहतो असे वाटते. तो बरेच ऊन परतवतो हे खरे, पण चकाकणारा धातू शोषलेली उष्णता आकाशाकडे टाकून देण्यात फार कंजूष असतो. परिणामी तो तापत जातो आणि खाली स्लॅबकडे तीच उष्णता सोडतो. स्लॅबला सावली मिळते आणि दोहोंमधून वारा खेळला तर फायदा होतो, हे नाकारत नाही. परंतु वर्षा-दोन वर्षांनी शेडच्या तिन्ही बाजू बंद करून तिथे अडगळ ठेवली जाते आणि वारा थांबतो. वळवाच्या वादळात अर्ध्या विटेच्या कठड्याला बोल्ट मारलेली शेडे उडतात हेही आपण दर वर्षी पाहतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत सिमेंटच्या पत्र्यांची चाळण झालेली तर पुष्कळांच्या लक्षात असेल. आणि मुख्य म्हणजे, शेडखाली स्लॅबचे दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

मग दुखणे काय होते? तक्रारी दोन सांगितल्या गेल्या होत्या. पावसाळ्यात मधल्या खोलीच्या आणि न्हाणीच्या कोपऱ्यात छत टिपकते, ही पहिली. उन्हाळ्यात रात्री दहा-अकराला पंख्याची हवा भट्टीसारखी लागते, ही दुसरी. पहिल्या तक्रारीला गवंडी जबाबदार आणि दुसरीला सूर्य, अशी घरातली वाटणी होती. मला मात्र या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत असे पहिल्याच दुपारी वाटू लागले.

चार वाजता गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. हातोडीने कोबा ठोकत गेलो, तर कडेच्या दीड-दोन हातांच्या पट्ट्यात सगळीकडे बद्द आवाज येत होता, मधल्या भागात बऱ्यापैकी खणखणीत. कठडा जिथे कोब्याला मिळतो तिथली गोल वाटा, म्हणजे कोपरा गोलसर भरून घेणारी पट्टी, पूर्वेला आणि पश्चिमेला तिच्या पूर्ण लांबीत फाटली होती. फट एक रुपयाचे नाणे आडवे सरकेल एवढी होती, आणि तिच्यात आधीच्या तीन उपायांचे थर एकाखाली एक दिसत होते: पांढरे रसायन, त्याखाली डांबर, त्याखाली जुने सिमेंट. प्रत्येक थर त्याच रेषेवर फाटलेला. एखादी जखम तीनदा शिवली आणि तिन्ही वेळा त्याच ठिकाणी टाके तुटले, तर दोष दोऱ्याचा नसतो.

खात्री करण्यासाठी जुनी, बिनखर्चाची पद्धत वापरली. काचेच्या पातळ पट्ट्या कापून फटीवर आडव्या ठेवल्या आणि दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की केली. चार पट्ट्या लावल्या, त्यांवर तारीख लिहिली. भिंत किंवा छत हलले तर काच ताणली न जाता तडकते, एवढाच तिचा उपयोग. आठवड्याने गुरुजींचा फोन आला की चारपैकी तीन पट्ट्या तुटल्या आहेत आणि या काळात पावसाचा थेंबही पडलेला नाही. स्वतः निरोप देतानाच त्यांच्या लक्षात आले असावे, कारण थोडे थांबून ते म्हणाले, "म्हणजे साहेब, हे उन्हानंच फाटतंय."

हिशेब सोपा आहे. काँक्रीट किंवा कोबा एका अंशाला दर मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर वाढतो. गच्ची तीस फूट लांब, म्हणजे नऊ मीटरच्या थोडी वर. मे महिन्यात दुपारी मळकट, काळवंडलेला पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात जातो आणि पहाटे पंचविशीपर्यंत उतरतो. म्हणजे वरचा थर रोज दुपारी तीन मिलिमीटरहून अधिक लांब होतो आणि रोज रात्री तेवढाच आखडतो. दुपारी तो दोन्ही कठड्यांना बाहेर ढकलतो, रात्री स्वतः मागे सरतो, कठडा मात्र पूर्णपणे परत येत नाही. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत शंभर वेळा हे घडल्यावर कोणतीही वाटा टिकणार नाही. जूनमध्ये पाणी त्या तयार फटीतून खाली उतरते, दोन कोब्यांच्या मधल्या पोकळ भागात साठते आणि मग सोयीच्या वाटेने, बहुधा फटीपासून दहा-बारा फुटांवर, छतातून टिपकते. टिपकते तिथे खाली बादली ठेवतात आणि वर तिथेच रसायन लावतात. गळती उन्हाळ्यात होते, पावसाळ्यात ती फक्त दिसते. ज्या छताला उन्हापासून वाचवले नाही त्याचे वॉटरप्रूफिंग कितीही महागडे असले तरी ते थोड्या वर्षांचे पाहुणे असते, हे माझे मत या घराने पक्के केले.

उष्णतेचा हिशेबही मांडून पाहिला. दोन कोबे आणि स्लॅब मिळून यू-मूल्य १.८ येत होते. आठ इंच, ३८० किलो, आणि तरी संहितेच्या १.२ पर्यंत पोहोच नाही. बारा बाय बारा फुटांच्या एका खोलीचे छत धरले, वरचा पृष्ठभाग ६० अंश आणि खोलीची हवा ३६ अंश धरली, तर स्थिर अवस्थेत त्या छतातून सुमारे ६०० वॅट उष्णता खाली येते. खोलीच्या आढ्याला सहाशे वॅटची शेगडी टांगल्यासारखेच ते. प्रत्यक्षात तेरा इंच जाडीचा हा थर दुपारची उष्णता पोटात साठवतो आणि आठ-दहा तासांनी खोलीत सोडतो, म्हणून शिखर खाली येते पण ते येते नेमके झोपायच्या वेळी. रात्री अकराच्या भट्टीचे स्पष्टीकरण एवढेच आहे. बाहेर झुळूक सुरू झालेली असते आणि आत छत आपला दुपारचा हप्ता फेडत असते.

पर्यायांचा विचार करताना तीन आकडे गुरुजींपुढे ठेवले. नुसते पांढरे केले, म्हणजे चुना किंवा ऊन परतवणारा रंग लावून पृष्ठभाग ४५ अंशांपर्यंत उतरवला, तर तीच शेगडी ६०० वरून साधारण २३० वॅटवर येते. पांढरे न करता फक्त दोन इंची एक्स्पीएसचे, म्हणजे बंद पेशींच्या कडक फेसाचे, तक्ते टाकले तर ती १७० वर येते. दोन्ही केले तर ६५ वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी. या तक्त्यांचे वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा नसते. आठ इंच विटांच्या कोब्याला जे जमले नाही ते दोन किलोचा तक्ता करतो, हे गुरुजींच्या मिस्त्रीला शेवटपर्यंत पटले नाही, आणि त्याचा दोष नाही. आपल्याकडे जाड आणि जड म्हणजे गार, हे समीकरण माळवदापासून मनात बसले आहे. मातीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि उष्णता अडवण्याचे पुष्कळसे काम त्याच करतात. एक्स्पीएसमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते.

ज्यांच्या हाती फार पैसा नाही त्यांनी पांढऱ्याचा आकडा लक्षात ठेवावा. चुन्याच्या काही पिशव्या, थोडे डिंकाचे मिश्रण आणि एका दिवसाची मजुरी यांत अर्ध्याहून अधिक फायदा मिळतो. अहमदाबादच्या उष्णता कृती आराखड्यात पांढऱ्या छतांचा समावेश आहे, आणि नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणाने २०२३ मध्ये गार छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. मात्र चुना दर वर्षी लावावा लागतो, आणि आपल्याकडच्या फुफाट्याने एका उन्हाळ्यातच पांढरे छत पिवळट पडते. गळणाऱ्या छतावर चुना हा उतारा नव्हे, हेही सांगायला हवे. गुरुजींकडे २०२० मध्ये लावलेले पांढरे रसायन पाणी साचणाऱ्या जागी पापुद्र्यासारखे सुटले होते, कारण उताराकडे कोणी लक्ष दिले नव्हते.

काम मे महिन्यात करायचे नाही, हा निर्णय मी जवळजवळ हट्टाने घेतला. आपल्याकडे छताची कामे पावसाच्या तोंडावर निघतात, म्हणजे ऊन सर्वांत कडक आणि पाणी सर्वांत कमी असताना. नवे काँक्रीट पहिले काही दिवस ओले ठेवले नाही तर ते कच्चे राहते आणि बारीक तडे जातात. उष्ण, कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान दहा दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला चौदा दिवस पाणी द्यावे असे मानक सांगते. ज्या जिल्ह्याला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात मे महिन्यात कोण चौदा दिवस गच्चीवर पाणी धरणार? १९९५ चा स्लॅबही मेमध्येच ओतला होता आणि त्याला चारच दिवस पाणी मिळाले होते, असे गुरुजींनी स्वतः सांगितले. त्या पावसाळ्यापुरती ताडपत्री टाकून वेळ मारून नेली आणि नोव्हेंबरमध्ये, विहिरीला पाणी असताना, काम सुरू केले.

सर्वांत जास्त दिवस लागले ते दोन्ही कोबे काढायला. बिलातली मोठी रक्कमही त्याच मजुरीची होती, इन्सुलेशनची नव्हती. फोडायचे मशीन लावू दिले नाही, कारण त्याच्या हादऱ्याने जुन्या स्लॅबला नवे तडे गेले असते. खालून खोल्यांत टेकू दिले, छिन्नी-हातोडीने पट्ट्यापट्ट्याने फोडले आणि राडारोडा गच्चीवर ढीग न करता लगेच उतरवला. सगळा मिळून तो जवळपास तीस टन भरला. एकदा तो उतरल्यावर, टेकू असतानाच, गुरुजींच्या मुलाने खालून विचारले की छत थोडे वर गेल्यासारखे का वाटते. ते मोजण्याइतके गेले होते की नाही माहीत नाही, पण न्हाणीच्या दाराची घासणारी वरची कड सुटली होती खरी.

कोबा निघाल्यावर न्हाणीच्या कोपऱ्यातला स्लॅब उघडा पडला. तिथे गजांवर काँक्रीटचे पांघरूण जेमतेम पाव इंच होते, जिथे ते किमान वीस मिलिमीटर हवे. वर्षानुवर्षे मुरलेल्या ओलीने गज गंजले होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो आणि छताचे पोपडे पडतात. सैल भाग पूर्ण काढला, गज तारेच्या ब्रशने घासून त्यांवर जस्तयुक्त प्रायमर लावला, तीन ठिकाणी गज फारच बारीक झाले होते तिथे जोडगज दिले आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भाग भरून घेतला.

त्यानंतरचे थर खालून वर असे आले. आधी उताराचा पातळ थर, शंभराला एक या प्रमाणात, मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना. कठड्यालगत गोल वाटा. त्यावर पाणी अडवणारे लवचिक आवरण, कठड्यावर फूटभर चढवलेले. त्यावर दोन इंची एक्स्पीएसचे तक्ते, मग जाळी घातलेले दोन इंची काँक्रीट, आणि सर्वांत वर पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे. क्रमाला येथे फार महत्त्व आहे. पाणी अडवणारे आवरण तक्त्याच्या खाली गेल्याने त्याला ना ऊन लागते ना रोजचे आखडणे-पसरणे सोसावे लागते. आधीच्या चारही उपायांत जे आवरण सगळ्यांत वर, उन्हाच्या तोंडी होते, ते आता सावलीत गेले. साधे थर्माकोल या जागी चालत नाही, कारण ते हळूहळू पाणी पिते आणि मग ना ऊन अडवते ना ओल. नव्या थरांचे एकूण वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो झाले, म्हणजे छतावरून निव्वळ अकरा टन उतरले. यू-मूल्य ०.५ च्या आसपास आले.

आवरणाची परीक्षा तक्ते टाकण्याआधी घेतली. पनाळ्या बंद करून सरासरी दोन इंच पाणी दोन दिवस उभे केले. त्याला जवळपास चार हजार लिटर लागले, म्हणजे एका टँकरला थोडे कमी. एवढे पाणी वाया घालवायला आजींचा विरोध होता, म्हणून परीक्षेनंतर ते पाइपने खालच्या लिंबाच्या झाडांना सोडले. गच्चीला आधी तीन इंची दोनच पनाळ्या होत्या आणि त्यांतली एक कडुनिंबाच्या पाल्याने कायमची बुजलेली होती. आता चार इंची तीन पाइप दिले आणि त्यांच्या तोंडाला जाळ्या बसवल्या.

दोन चुका झाल्या. पहिली मिस्त्रीची. वरचे काँक्रीट साधारण सहा-सहा फुटांच्या चौकटींत, मध्ये सांधे सोडून ओतायचे होते आणि कठड्यालगत बोटभर फट ठेवून ती लवचिक मसाल्याने भरायची होती. मी नसलेल्या दिवशी पश्चिमेचा शेवटचा पट्टा सांध्याशिवाय, थेट कठड्याला भिडवून ओतला गेला. "एवढ्याशा फटीनं काय होतं साहेब, उलट पाणी जाईल त्यातनं," हे त्याचे म्हणणे. पुढच्या एप्रिलमध्ये तो पट्टा दोन ठिकाणी तडकला. खालचे आवरण शाबूत असल्याने गळाले नाही, पण चिप्स उचकटून तेवढा भाग पुन्हा करावा लागला.

दुसरी चूक माझी होती. २०२३ च्या मे महिन्यात खोल्या दुपारी आणि रात्री अकरालाही पूर्वीपेक्षा स्पष्ट गार होत्या, कूलर बराच कमी चालला. पण गुरुजींनी एक विचित्र तक्रार केली: पहाटे तीन-चारनंतर पूर्वी खोली जशी थंड व्हायची तशी आता होत नाही. ते बरोबर होते. जे पांघरूण दुपारची उष्णता आत येऊ देत नाही ते रात्री आतली उष्णता आकाशाकडे जाऊही देत नाही. दिवसभर पश्चिमेच्या नऊ इंची भिंतीने साठवलेली उष्णता खोलीत उतरत होती आणि तिला बाहेर जायला वाट नव्हती. माळवदाला धूर जाण्यासाठी वर झरोका असे, तो रात्री ही वाट देत असे. माझ्या सगळ्या हिशेबात छतच होते, भिंत आणि खिडक्या नव्हत्या. मग दोन गोष्टी केल्या. पश्चिमेच्या भिंतीबाहेर लोखंडी चौकट उभी करून तिच्यावर मधुमालतीचा वेल चढवला आणि भिंत पांढरी केली. पूर्वेच्या खिडक्यांना डासांची जाळी बसवून त्या रात्रभर उघड्या ठेवल्या आणि पश्चिमेच्या झरोक्यात एक छोटा एक्झॉस्ट पंखा लावला, जो रात्री दहानंतर चालतो. वेल दाट व्हायला दीड वर्ष लागले, पंख्याचा उपयोग पहिल्याच रात्री कळला.

आजींची एक तक्रार मात्र अजून मिटलेली नाही. पांढऱ्या चिप्सवर दुपारी वाळवण घालताना डोळे दिपतात. त्या आता कुरडया सकाळी आठच्या आत घालतात आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतात.

पाण्याच्या बाबतीत २०२३ ने काहीच सिद्ध केले नाही, कारण त्या वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. खरी परीक्षा १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला झाली, जेव्हा मराठवाड्यात दोन दिवस अतिवृष्टीने नद्या-ओढे पात्राबाहेर आले. त्या रात्री मी स्वतःहून फोन केला. मधली खोली कोरडी होती, न्हाणीचा कोपरा कोरडा होता, तिन्ही पाइप धो धो वाहत होते. माळवद मात्र दोन ठिकाणी गळाले होते, कारण त्या वर्षी त्यावर पांढरी टाकायची राहून गेली होती.

सप्टेंबर २०२५ च्या पुरांच्या पावसात मात्र पुढच्या खोलीच्या छतावर ताटाएवढा ओलसर डाग उमटला. गुरुजी हवालदिल झाले. वर जाऊन पाहिले, तर उन्हाळ्यात बसवलेल्या सोलर हीटरच्या स्टँडसाठी बसवणाऱ्याने चिप्स, काँक्रीट, तक्ता आणि आवरण यांतून थेट स्लॅबमध्ये चार बोल्ट ठोकले होते, आणि डाग बरोबर त्यांतल्या एका बोल्टखाली होता. पाऊस उघडल्यावर बोल्ट काढले, चारही जागी हातभर चौकोन उघडून आवरणाला ठिगळ दिले, आणि स्टँड आता पायाशी चार जड सिमेंटच्या ठोकळ्यांवर, छताला एकही भोक न पाडता उभे आहे. दारामागच्या भिंतीवर गुरुजींनी खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: "गच्चीवर ड्रिल लावण्याआधी मला विचारा."